लाकडी ट्रेला तेल कुठलं?

मागच्या नाताळात मी फणसाच्या फळीचा एक ट्रे केला, शेजाऱ्यांकडे नेवऱ्या नि दोदोल न्यायला. शेवटी स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं तेल चोळलं. काय सुरेख पिवळा रंग उजळला! ईस्टरला कपाटातून काढला, तर बोटांना चिकट, आणि वास असा की आईने तो दारातूनच परत पाठवला.

चूक तेल लावण्यात नव्हती, तेल निवडण्यात होती. जवसाचं तेल ‘सुकतं’. म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही; हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि लाकडात घट्ट होऊन बसतात. शेंगदाण्याच्या तेलाला हे नीट जमत नाही. ते ओलंच राहतं आणि हळूहळू खवट होतं. खोबरेलही सुकत नाही, पण त्यात संपृक्त स्निग्धाम्लं भरपूर, म्हणून खवट व्हायला खूप वेळ लागतो. रोज वापरात असलेल्या डवलीला ते चालून जातं. वर्षातून दोनदा बाहेर निघणाऱ्या ट्रेला मात्र सुकणारंच तेल हवं.

जवसाचं तेल खायचं घ्या, घाण्यावरचं. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ नको. नावावरून वाटतं नुसतं उकळलेलं असेल, पण लवकर सुकावं म्हणून त्यात सहसा धातूंचे क्षार घातलेले असतात. आधी लाकूड ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यायचं. तंतू उभे राहतात, ते बारीक पॉलिशपेपरने घासायचे. मग तेलाचा अगदी पातळ हात. वीसेक मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून काढायचं. जाड हात दिलात की चिकटलंच म्हणून समजा. दोन हातांमध्ये काही दिवस जाऊ द्यावे लागतात, पावसाळ्यात जास्तच.

आणि हे विसरू नका: तेल पुसलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. तेल सुकताना उष्णता निघते, आणि गोळा झालेल्या फडक्यात ती साठून आपोआप आग लागू शकते. चिंध्या पाण्यात बुडवा, नाहीतर बाहेर सुट्या पसरून वाळवा.

इतकी वाट बघायची नसेल तर मेडिकलमधलं ‘आयपी’ लिहिलेलं लिक्विड पॅराफिन घ्या. हो, बद्धकोष्ठावर देतात तेच. ना सुकतं, ना खवट होतं; फक्त धुण्याने निघतं, म्हणून अधूनमधून पुन्हा लावायचं. चार भाग तेलात एक भाग मधमाश्यांचं मेण गरम पाण्याच्या भांड्यावर वितळवून घातलं की हात मऊ बसतो. पण मेण साधारण 63 अंशांना वितळतं, तेव्हा त्यात वाफाळती आमटी वाढू नका.

लाख दिसायला सगळ्यांत देखणी. चन्नपट्टणला लेथवर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून चढते. सुक्या मेव्याच्या वाडग्याला उत्तम. गरम कप ठेवलात तर पांढरं वर्तुळ उमटतं, आणि वाइन सांडली तर अल्कोहोलने लाख विरघळू लागते. आमच्याकडच्या नाताळात दोन्ही होणारच.

माझा ट्रे आता घासून पुन्हा कोरा केलाय. जवसाचा तिसरा हात चढलाय. आई रोज जाता-येता नाक लावून बघते, अजून काही बोललेली नाही.