एटापल्लीचा अंधार

चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. असें असूनहि, १९८२ सालीं चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्लीस पावसाळ्यांत वारंवार दिव्यांवाचून बसावें लागतें. कोणी म्हणेल, वीज अपुरी असेल. पण खरी अडचण वाटेची आहे. मोठ्या शहरास वीज अनेक वाटांनीं येते. एक तुटली तर दुसरीवर भार टाकतां येतो. अर्थात् त्यालाहि मर्यादा आहे, आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईनें ती अनुभवली. अरण्यांतून जाणाऱ्या तारेला मात्र बहुधा दुसरी वाटच नसते. वादळांत एखादी ओली फांदी तारेवर टेकली, कीं प्रवाह जमिनींत उतरूं लागतो. उपकेंद्रांतील स्वयंचलित खटका तो तोडतो, आणि पुढचीं सारीं गांवें एकदम काळोखांत बुडतात. मग लाइनमनला खांबामागून खांब पाहत, ओढे ओलांडीत, ती फांदी शोधावी लागते. वेळ जातो तो येथेंच.

राज्याच्या सरासरींत हा अंधार जवळजवळ दिसतच नाहीं. कारण तेथें अंधाराचे तास ग्राहकसंख्येनें गुणले जातात, आणि अरण्यांत घरें विरळ. आरोग्यकेंद्रांतील लसींना मात्र २ ते ८ अंश सेल्सिअस इतकेंच तापमान लागतें. फांदी सांपडेपर्यंत तेथील शीतपेटी साठविलेल्या थंडाव्यावरच तग धरते.