संगणकावरची प्रवेशपरीक्षा : यंत्र, गणित आणि भाषा

बी.ए. झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थ्याला नवा नाही. नवी आहे ती त्या प्रश्नाच्या दारात उभी असलेली परीक्षा. महाराष्ट्रात एल.एल.बी. किंवा बी.एड.ला जायचे, तर राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा म्हणजे सी.ई.टी. द्यावी लागते. दिल्ली विद्यापीठ, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ अशा ठिकाणी एम.ए. करायचे, तर २०२२ साली सुरू झालेली सी.यू.ई.टी. पी.जी. ही परीक्षा असते. या सर्व परीक्षा संगणकावर होतात. पदवीची तीन वर्षे पुरवण्या जोडून दीर्घोत्तरे लिहिणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या मनात या परीक्षांविषयी एक धास्ती असते. तिचा बराचसा भाग अपुऱ्या माहितीतून आलेला आहे. ज्याची खरी काळजी करावी तो भाग निराळाच आहे, आणि तो संगणकाशी संबंधित नाही.

प्रथम यंत्राचा विचार करू. परीक्षाकेंद्रावर संगणकाच्या पडद्यावर एका वेळी एक प्रश्न व त्याचे चार पर्याय दिसतात. कोपऱ्यात उरलेला वेळ उलटा मोजला जात असतो. तो शून्यावर आला की उत्तरपत्रिका आपोआप जमा होते. एका बाजूला सर्व प्रश्नांचे क्रमांक रंगीत चौकोनांत मांडलेले असतात. कोणता प्रश्न सोडवला, कोणता पाहून सोडून दिला, कोणता अजून उघडलाच नाही, हे रंगांवरून कळते. काम सारे माउसने करायचे असते. कच्च्या कामासाठी कोरा कागद मिळतो.

यात दोन जागी विद्यार्थी फसतात. पर्यायावर टिचकी मारली म्हणजे उत्तर नोंदले गेले, असे त्यांना वाटते. तसे नसते. ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ हे बटण दाबल्यावरच उत्तराची नोंद होते. ते न दाबता बाजूच्या चौकोनावरून दुसऱ्या प्रश्नावर उडी मारली, तर निवडलेले उत्तर वाया जाते. दुसरी जागा ‘मार्क फॉर रिव्ह्यू’ या सोयीची. पुन्हा पाहण्यासाठी खूण करून ठेवलेल्या प्रश्नाला उत्तर दिलेले व जतन केलेले असेल, तर सी.यू.ई.टी.मध्ये ते तपासणीत धरले जाते. नुसतीच खूण असेल, तर तो प्रश्न कोराच राहिला असे समजावे. एवढे समजले आणि सराव-चाचण्या चार-पाच वेळा दिल्या की यंत्राची ओळख संपते. त्यासाठी महागडा वर्ग लावण्याची गरज नाही.

यानंतर येते ते गणित. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग वजा गुणांचा. एल.एल.बी. आणि बी.एड.च्या सी.ई.टी.त चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तेव्हा तेथे एकही प्रश्न कोरा ठेवणे म्हणजे हातचे सोडणे होय. सी.यू.ई.टी. पी.जी.मध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात व चुकीला १ गुण वजा होतो. वजा गुणांच्या नुसत्या नावाने घाबरून अनेकजण वीस-वीस प्रश्न सोडून येतात. थोडा हिशेब करून पाहावा. बारा प्रश्नांची उत्तरे डोळे मिटून दिली, तर सरासरीने तीन बरोबर येतील, नऊ चुकतील : १२ वजा ९, म्हणजे ३ गुण हाती राहतील. हा लाभ इतका किरकोळ आहे की एखाद्या वेळी दैव फिरले तर तोटाही होईल. परंतु प्रत्येक प्रश्नातला एक पर्याय जरी अभ्यासाच्या बळावर बाद करता आला, तर सरासरी चार बरोबर व आठ चूक, म्हणजे १६ वजा ८, असे ८ गुण होतात. दोन पर्याय बाद झाले तर सहा बरोबर, सहा चूक; म्हणजे २४ वजा ६, असे १८. अर्धवट ज्ञानालाही येथे किंमत आहे. ‘हे नक्कीच नव्हे’ एवढे सांगता आले, तरी उत्तर द्यावे.

दुसरा भाग ‘पर्सेन्टाइल’चा. ९५ पर्सेन्टाइल म्हणजे ९५ टक्के गुण, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो सपशेल चुकीचा आहे. उमेदवार पुष्कळ असले म्हणजे परीक्षा अनेक सत्रांत घ्यावी लागते व प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. एखादी सोपी, एखादी अवघड निघणारच. मग तुलना कशी करायची? समजा, पहिल्या सत्राला ४,००० उमेदवार बसले आणि तुम्हांला धरून तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे ३,८०० निघाले. ३,८०० ला ४,००० ने भागून १०० ने गुणले की ९५ येतात. हे तुमचे पर्सेन्टाइल. मग तुमचे प्रत्यक्ष गुण ७२ असोत की ६१. दुसऱ्या सत्रातील अवघड प्रश्नपत्रिकेत ५४ गुण मिळवणाऱ्याचे स्थान हेच असेल, तर त्याचेही पर्सेन्टाइल ९५. या पद्धतीमागे एक गृहीत आहे : प्रत्येक सत्रात हुशार, मध्यम आणि कच्चे उमेदवार साधारण सारख्याच प्रमाणात विखुरलेले असतात. हजारोंचा समूह असला की ते बहुधा खरे ठरते. समूह लहान असला की या गृहीताचा पाया डळमळीत होतो.

यातून घ्यायचा बोध सरळ आहे. प्रश्नपत्रिका अवघड वाटली म्हणून परीक्षाकक्षात धीर सोडू नये. ती शेजाऱ्यालाही तितकीच अवघड असते. आणि केंद्राबाहेर पडल्यावर वेगळ्या सत्रातल्या मित्राशी ‘तुझे किती, माझे किती’ हा हिशेब मांडण्यात काही अर्थ नाही.

आता ज्याची खरी काळजी करावी, त्याकडे वळू. राज्याची एल.एल.बी. व बी.एड.ची परीक्षा, इंग्रजी विषयाचा भाग सोडल्यास, मराठीतूनही देता येते. सी.यू.ई.टी. पी.जी.मध्ये मात्र भाषाविषयांसारखे काही अपवाद वगळता प्रश्न इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत असतात. म्हणजे ज्याने इतिहास, राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्र तीन वर्षे मराठीत वाचले, त्याला विषय येत असूनही प्रश्न ओळखता येत नाही. २०२५ सालच्या परीक्षेत ७५ प्रश्नांना ९० मिनिटे होती. एका प्रश्नाला ७२ सेकंद. तेवढ्यात वाचायचे, मनात भाषांतर करायचे आणि विचारही करायचा.

‘मग हिंदी घेऊ, लिपी तर एकच आहे,’ असे आपण सहज म्हणतो. सापळा तेथेच आहे. मराठीत ‘संशोधन’ म्हणजे नव्या ज्ञानाचा शोध. हिंदीत ‘संविधान संशोधन’ म्हणजे घटनादुरुस्ती. मराठीत संशोधन म्हणतात त्याला हिंदीत ‘शोध’ म्हणतात. आपली ‘घटना’ राज्याची असते, हिंदीतली ‘घटना’ हा केवळ प्रसंग. हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, दंड नव्हे. ‘प्रवासी’ म्हणजे स्थलांतरित, आणि ‘आपातकाल’ म्हणजे आणीबाणी. शब्द ओळखीचा दिसतो, म्हणूनच तो अधिक फसवतो.

यावर उपाय सावकाशीचा असला तरी अवघड नाही. दोनशे पानी वही घ्यावी, तीन रकाने आखावेत : मराठी, हिंदी, इंग्रजी. सार्वभौमत्व, संप्रभुता, सॉव्हरिन्टी. सरंजामशाही, सामंतवाद, फ्यूडॅलिझम. लोकसंख्या, जनसंख्या, पॉप्युलेशन. रोज दहा शब्द लिहिले, तर तीन महिन्यांत नऊशे होतात. एका विषयाच्या पारिभाषिक शब्दांना ते पुष्कळ झाले. पाठांतराच्या जोडीला जुन्या प्रश्नपत्रिका मूळ भाषेत, घड्याळ लावून सोडवाव्यात. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक खूण करावी : विषय येत नव्हता, की शब्द कळला नव्हता? महिनाभराने या खुणा मोजल्या, तर आपला अभ्यास कोठे कमी पडतो ते आपोआप समजेल.

शेवटी प्राध्यापकांना एक विनंती. मराठीतून शिकवताना फळ्यावर संज्ञेशेजारी तिचा इंग्रजी आणि हिंदी पर्याय लिहिला, तर तासाला फार तर दोन मिनिटे जातील. संगणककक्ष तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून एक दुपार सराव-चाचण्यांसाठी खुला मिळाला, तर घरी संगणक नसलेल्यांची मोठी सोय होईल. वहीचे रकाने मात्र ज्याचे त्यानेच भरायचे आहेत, आणि त्यांची सुरुवात तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर नव्हे, तर दुसऱ्या वर्षीच केलेली बरी.