तीळ, सातू आणि छातीवरची म्हैस
(जादूच्या गोष्टी : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण कांड्या पाहिल्या. कांडी मोडली तर दुसरी आणता येते. शब्दच हरवला तर?

अलीबाबाच्या भावाला, कासिमला विचारा. ‘तिळा तिळा दार उघड’ म्हणत लहानपणी आपण सगळेच गुहेत शिरलो आहोत. पण ही गोष्ट रंगते ती बाहेर पडताना. दहा खेचरं खोळंबली आहेत, सोन्याच्या थैल्या ओढून दारापाशी रचल्या आहेत, आणि कासिमच्या तोंडून निघतं, ‘सातू’! दार ढिम्म. मग घाम पुसत तो एकेक धान्याचं नाव घेत सुटतो, वाण्याकडे यादी सांगावी तसा. तेवढा तीळच आठवत नाही. दुपारी चोर येतात आणि त्याचे चार तुकडे करतात.

अलेप्पोहून पॅरिसला गेलेल्या हन्ना दियाब याने ही कथा १७०९ साली आन्त्वान गालाँ या फ्रेंच पंडिताला सांगितली. सांगणारा पक्का होता. मंत्र अगडबंब असता, तर कासिमची नुसती कीव आली असती. स्वयंपाकघरातला शब्द विसरतो म्हणून हसू येतं, आणि हसता हसता पोटात गोळा.

हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकात (१९९७) शब्द पाठ असतो, अडतं ते उच्चारावर. पीस हवेत तरंगवायचा धडा चाललाय. रॉन पवनचक्कीसारखे हात फिरवत ‘विंगार्डियम लेविओसा’ ओरडतो, पीस हलत नाही. शेजारची हर्मायनी त्याला सुनावते : ‘गा’ लांबव. (वर्गात अशी एक मुलगी असतेच.) गुरुजींनी आधीच बजावलेलं असतं, की एका जादूगाराने एक अक्षर बदललं आणि तो जमिनीवर उताणा, छातीवर म्हैस! पुढे रॉन तोच मंत्र नीट म्हणतो, तेव्हा राक्षसाचा सोटा राक्षसाच्याच टाळक्यात बसतो.

आपल्याला हे नवं नाही. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा पुत्र हवा होता. त्यासाठी म्हटलेल्या मंत्रातल्या ‘इंद्रशत्रु’ शब्दात स्वराचा आघात शेवटी हवा होता, पडला सुरुवातीला. तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला, अर्थ उलटला आणि तो पुत्र, वृत्र, इंद्राच्याच हातून मेला. पतंजलीने हा दाखला व्याकरण का शिकावं हे सांगताना दिलाय. शाळेत समास असे शिकवले असते, तर मी मागच्या बाकावर बसलो नसतो.

टोल्किनचा जादूगार गॅन्डाल्फ तर मोरियाच्या दारासमोर येतील तेवढे मंत्र म्हणून थकतो. हवा असलेला ‘मित्र’ हा शब्द दारावरच कोरलेला असतो, त्याने वाक्यच चुकीचं लावलेलं असतं.

कासिम विसरला आणि मेला. जॅक व्हान्सच्या ‘द डाइंग अर्थ’मधले (१९५०) जादूगार मात्र प्रत्येक मंत्र म्हणताक्षणीच विसरतात; पुन्हा हवा तर पोथी काढून पुन्हा पाठ करायचा. त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात.