दुकानाच्या छापाचे फरसाण : स्वस्त का आणि किती?

रमजान जवळ आला की इफ्तारसाठी शेव, चिवडा, खारी, बिस्किटे यांची खरेदी घरोघरी वाढते. मोठ्या दुकानांत एकाच फळीवर दोन तऱ्हेचे पुडे दिसतात. एक नामांकित कंपनीचा, दुसरा दुकानाच्या स्वतःच्या छापाचा. बिग बाजारमध्ये 'टेस्टी ट्रीट' असे. रिलायन्सच्या दुकानांत 'स्नॅक टॅक' मिळते. दुसरा पुडा बहुधा स्वस्त असतो आणि स्वस्त म्हणजे हलका, असे समजून पुष्कळ लोक तो परत ठेवतात.

वस्तुतः नामांकित पुड्याच्या किमतीत जाहिरात, वितरक आणि घाऊक व्यापारी यांचा वाटा असतो. दुकान थेट कारखान्याकडून माल बनवून घेते तेव्हा हे टप्पे गळतात. मालात काय आहे ते पुड्याच्या मागे पाहावे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. तेथे पामतेल आहे की शेंगदाणा तेल, साखर कितव्या क्रमांकावर आहे, हे कळते. उत्पादकाचे नाव-पत्ता व १४ आकडी परवाना क्रमांकही असतो. दुकान उत्पादक बदलते तेव्हा छाप तोच राहतो, म्हणून गेल्या वर्षीच्या चवीवर विसंबू नये.

खरी गफलत वजनात होते. समजा, कंपनीचा २०० ग्रॅमचा पुडा ५६ रुपयांना आहे आणि दुकानाचा १५० ग्रॅमचा ४५ रुपयांना. हातात घेताना दुसरा ११ रुपयांनी स्वस्त वाटतो. पण १०० ग्रॅमला पहिला २८ रुपये पडतो, दुसरा ३०! तोलमापात कमी देणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक ताकीद आहे. येथे मात्र माप चोरलेले नसते, छापलेलेच असते. आपणच वाचत नाही. आवेष्टित वस्तूंच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाल्यापासून एका ग्रॅमचा दरही छापावा लागतो. तोच ताडून पाहावा.

हलालच्या दृष्टीने हिरवी खूण असल्यास दूध, मध असे मोजके अपवाद वगळता प्राणिज घटक नसतो. तपकिरी त्रिकोण फक्त मांसाहारी एवढेच सांगतो, हलाल की नाही ते सांगत नाही. केकवर तो केवळ अंड्यामुळेही असू शकतो.

आपले अनेक बांधव बेकरीच्या धंद्यात आहेत. त्यांना दुसऱ्याच्या छापाखाली खारी-टोस्ट बनवून देण्याचे काम मिळू शकते. भट्टी बारा महिने चालते, हा मोठा फायदा. पण ग्राहक दुकानाचे नाव लक्षात ठेवतो, बेकरीचे नाही. सारा माल एकाच दुकानाला दिला आणि त्याने पुढच्या वर्षी दर पाडले, तर दुसरे गिऱ्हाईक कोठून आणणार? म्हणून थोडा माल स्वतःच्या नावाने विकत राहावे आणि पैशाची मुदत करारात लिहून घ्यावी. २००६ च्या लघुउद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात.