प्यूरिटन सोवळेपणा: समज आणि वस्तुस्थिती

एखाद्या कादंबरीतील शृंगार पाहून कोणी नाक मुरडले, की आपण त्याला 'प्यूरिटन' म्हणून मोकळे होतो. सोवळा, रूक्ष, आनंदाचा वैरी, असा या शब्दाचा अर्थ रूढ झाला आहे. परंतु हे नाव मुळात सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्लंडमधील एका धर्मसुधारक पक्षाचे. आणि त्या पक्षाची मते या अर्थात पुरती मावत नाहीत.

प्रथम त्यांच्याविरुद्धचा पुरावा पाहू. विल्यम प्रिन नावाच्या प्यूरिटन वकिलाचा नाटकांवर तुटून पडणारा हजारावर पानांचा ग्रंथ १६३३ साली निघाला. त्यात त्याने नटींना कुलटा ठरविले. राणी हेन्रिएटा मारिया स्वतः दरबारी नाट्यप्रयोगांत भाग घेई. तेव्हा हा शेरा तिच्यावरच आहे असे मानून राजाच्या न्यायसभेने प्रिनचे कान कापविले. म्हणजे लेखनाबद्दल क्रूर शिक्षा देणारे प्यूरिटनच होते असे नव्हे; येथे ती भोगणारा प्यूरिटन होता!

पुढे यादवी युद्ध पेटले आणि १६४२ च्या सप्टेंबरात पार्लमेंटने नाटकगृहे बंद केली. १६४८ च्या हुकुमाने नटांना फटके आणि प्रेक्षकांना पाच शिलिंग दंड ठरला. १६६० साली राजसत्ता परत येईपर्यंत ही बंदी टिकली. त्यांचा राग केवळ शृंगारावर नव्हता. रंगभूमीवर मुलगे स्त्रीवेष घेत, तो बायबलने निषिद्ध मानलेला; सोंग घेणे म्हणजे खोटे वागणे; आणि नाटकाची गर्दी देवळाची माणसे ओढून नेणारी, असे त्यांचे आक्षेप होते.

आता दुसरी बाजू. रोमन चर्चने ब्रह्मचर्य विवाहाहून श्रेष्ठ मानले होते. प्यूरिटनांनी ते नाकारले. पतिपत्नींचे शरीरसुख हे पाप नसून परस्परांविषयीचे कर्तव्य आहे, असे त्यांचे धर्मोपदेशक सांगत. अमेरिकेतील बोस्टनच्या चर्चने १६४० साली एका गृहस्थाला बहिष्कृत केले. त्याच्यावरील आरोपांपैकी एक असा, की त्याने दोन वर्षे पत्नीला सहवास नाकारला! तेथीलच ॲन ब्रॅडस्ट्रीट या कवयित्रीने पतीच्या विरहावर उत्कट कविता लिहिल्या. आणि मिल्टन तर याच पक्षाचा. मने जुळत नसतील तर घटस्फोट मिळावा, असे त्याने १६४३ साली मांडले. आणि छापण्यापूर्वी सरकारी परवाना घेण्याच्या सक्तीविरुद्ध १६४४ साली आपल्याच पक्षाच्या पार्लमेंटला खडे बोल सुनावले.

मात्र यावरून ते उदार होते असे समजू नये. विवाहाबाहेरच्या संबंधांना त्यांच्यापाशी क्षमा नव्हती. १६५० च्या इंग्रजी कायद्याने व्यभिचाराला देहान्त शासन ठरविले. त्यातही मेख अशी, की स्त्री विवाहित असेल तरच तो व्यभिचार. विवाहित पुरुषाने अविवाहितेशी संबंध ठेवला तर तीन महिन्यांची कैद. प्रत्यक्षात ज्यूरी अशा खटल्यांत दोषी ठरविण्यास कचरत, म्हणून फाशी क्वचितच झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र १६४४ साली एक स्त्री आणि एक पुरुष या गुन्ह्यासाठी फासावर गेले.

मग पुस्तकांतील शृंगाराची जी धास्ती आपण प्यूरिटनांच्या माथी मारतो, ती आली कोठून? तिला कायद्याचे बळ मुख्यतः एकोणिसाव्या शतकात मिळाले. इंग्लंडात १८५७ साली अश्लील प्रकाशनांचा कायदा झाला. १८६८ साली हिक्लिन खटल्यात कसोटी ठरली, की दुबळ्या मनाच्या वाचकाला मजकूर बिघडवू शकेल काय, हे पाहावे. इंग्रजी अमलाबरोबर ती आपल्या न्यायालयांतही आली. लैंगिक प्रश्नांवर उघडपणे लिहिणाऱ्या र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले, ते याच वातावरणात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी १९६४ साली मान्य केली आणि २०१४ साली सोडून दिली.

तात्पर्य, दोन वृत्ती निराळ्या ओळखल्या पाहिजेत. प्यूरिटन शरीराविषयी बोलायला लाजत नव्हता. त्याला पापाला शिक्षा हवी होती. नंतरच्या काळाला मुळात बोलणेच नको होते. पहिलीने माणसे फासावर दिली, दुसरीने कर्व्यांसारख्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावल्या. दोहोंना एकच नाव दिले, तर कोणत्या चुकीशी आपण भांडतो आहोत, हेच आपल्याला कळणार नाही.