वरून मलमल, आतून चार थर!

बंगळुरूचा उन्हाळा तसा मुंबई-नागपूरकरांना हसू येईल असाच. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच. श्रीरंगपट्टणच्या रोगट हवेला कंटाळून इंग्रजांनी १८०९ मध्ये आपली छावणी येथे हलवली, ती याच हवेसाठी. फौजेपाठोपाठ कुटुंबे आली आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात (१८३७ ते १९०१) साउथ परेडवर, म्हणजे आजच्या महात्मा गांधी रस्त्यावर, तरुण मुलींचे पांढरे सुती झगे दिसू लागले.

झगा मलमलीचा, अगदी वाऱ्याने उडेल असा. पण तो फक्त वरचा! आत शेमीज, त्यावर आवळून बांधलेले कॉर्सेट, मग दोन-तीन परकर. शिवाय उन्हातही अंगालगत फ्लॅनेल हवेच, असा डॉक्टरांचा आग्रह! १८५० नंतरच्या काही वर्षांत तर झगा फुगवायला पोलादी कड्यांचा सांगाडाही आला. आपल्या आज्या-पणज्या सुती नऊवारीत कितीतरी सुखी होत्या, असेच म्हणावेसे वाटते.

झगा शिवायचा तो व्हरांड्यात मांडी घालून बसलेला दर्जी. जुना झगा किंवा विलायती मासिकातले चित्र समोर ठेवले की तो हुबेहूब तसाच उतरवी. धुणे धोब्याकडे. खळ भाताच्या कांजीची. हा ‘कांजी’ शब्दही साहेबांच्या इंग्रजीत शिरला; १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात तो आहे. मेजवानीच्या झग्याची तऱ्हा वेगळी. मद्रासकडचे कारागीर मलमलीवर भुंगेऱ्यांचे हिरवे चकचकीत पंख टाचून वेलबुट्टी काढीत. दिव्यांच्या उजेडात ती पाचूसारखी चमके.

पण याच दिव्यांचे भय होते. पातळ सुती कापड, घेर मोठा. एक ठिणगी पुरे. १८६१ मध्ये अमेरिकन कवी लाँगफेलो यांची पत्नी फॅनी अंगावरचा हलका झगा पेटूनच दगावली. घरोघरी उघड्या ज्योतीचे दिवे असण्याच्या त्या काळात असे अपघात अनेक घडले.

आणि कापड कुठले? मलमल मुळात ढाक्याची ख्याती. पण यंत्रमागाच्या स्वस्त मालाने विणकर देशोधडीला लागले. आपलाच कापूस बोटीने लँकेशायरला जाई आणि कापड होऊन परत येई. छावणीतल्या मुलीच्या अंगावरची ‘हिंदुस्थानी’ मलमल पुष्कळदा मँचेस्टरचीच असे.

१८९० नंतर झग्याच्या बाह्या फुग्यासारख्या फुगल्या. ती बाही पुढे आपल्या पोलक्यांवर येऊन बसली, आणि अजून लग्नसराईत दर्जीदादांना तिचे माप द्यावे लागते.