‘मोफत’ तासांमागचा हिशेब

सरकार तासांचे पैसे देतंय आणि परदेशी फंड पाळणाघरं विकत घेतायत, म्हणजे या धंद्यात पैशाला तोटा नसणार, अशी इंग्लंडबद्दल अनेकांची समजूत होते. ती निम्मीच खरी आहे. पैसा येतो, पण सगळ्यांच्या गल्ल्यात सारखा पडत नाही.

पहिला गैरसमज पालकांचा : तीस तास मोफत म्हणजे खर्च संपला. सप्टेंबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये नऊ महिन्यांच्या बाळापासून शाळेच्या वयापर्यंत आठवड्याला ३० तास मिळतात खरे, पण वर्षातले ३८ आठवडेच. आईवडील दोघंही कमावते हवेत आणि एकाचंही उत्पन्न वर्षाला एक लाख पौंडांपुढे जाता कामा नये. नोकरी करणाऱ्यांना पाळणाघर वर्षभर लागतं. मग ते ११४० तास ५१ आठवड्यांवर पसरले की आठवड्याला जेमतेम बावीस उरतात, म्हणजे सकाळी आठ ते संध्याकाळी सहाचे दोन दिवस आणि वर थोडंसं. आयटीतल्या मराठी जोडप्यांना आणखी एक ठेच लागते. सरकारी मदतीचा हक्क न देणाऱ्या व्हिसावर दोघंही असतील, तर हे ३० तास मिळतच नाहीत. तीन-चार वर्षांच्या मुलांना सरसकट मिळणारे १५ तास तेवढे मिळतात.

तास वाढले म्हणजे पाळणाघरवाल्यांची चांदी, हा दुसरा. इथे थोडं खोलात जायला हवं. तास ‘मोफत’ झाला की त्याची किंमत मालक नव्हे, सरकार ठरवतं. २०२४-२५ मध्ये सरकारकडून स्थानिक प्रशासनाला मिळणारा सरासरी दर दोन वर्षांखालच्या बाळासाठी तासाला ११.२२ पौंड होता, तर तीन-चार वर्षांच्या मुलासाठी ५.८८. बाळांचा दर ऐकायला घसघशीत वाटतो. पण तीन बाळांमागे एक मोठं माणूस हवंच, असा नियम आहे. चौथं बाळ आलं की दुसरी बाई लागते. तिघांतलं एक थोरल्यांच्या खोलीत गेलं आणि जागा रिकामी राहिली, तरी पगार पूर्णच द्यायचा. शिवाय जेवणाच्या सुट्टीला बदली माणूस, भाडं, वीज, खाणं. त्यात एप्रिल २०२५ पासून किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झालं आणि मालकाचा राष्ट्रीय विम्याचा हिस्सा १३.८ वरून १५ टक्क्यांवर गेला. तो लागू होण्याची पगाराची मर्यादाही वर्षाला ९,१०० वरून ५,००० पौंडांवर उतरली. अर्धवेळ बायकांवर चालणाऱ्या धंद्याला हा फटका जास्तच बसतो.

दर तोकडे आहेत ही नुसती मालकांची रडगाणी, असंही म्हणता येत नाही. २०२१ मध्ये माहितीच्या अधिकारात बाहेर आलेल्या कागदांतून दिसलं, की २०२०-२१ पर्यंत तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी तासाला ७.४९ पौंड लागतील, असा हिशेब सरकारनेच करून ठेवला होता. प्रत्यक्ष सरासरी दर होता ४.८९.

मग गुंतवणूकदार कशाला येतात? सरकारी पैशामुळे उत्पन्नाची खात्री असते, नोकरदार वस्तीत मागणी आटत नाही आणि थकलेले छोटे मालक विकायला तयार असतात. स्टॅफर्डशरमध्ये सुरू झालेली ‘बिझी बीज’ ही पाळणाघरांची साखळी २०१३ मध्ये ओंटारियोतल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाकडे गेली. कॅनडातल्या मास्तरांच्या पेन्शनला इंग्लंडमधल्या बाळांच्या फीचा असा हातभार लागतो! पण चालू पाळणाघराची मालकी बदलली म्हणून मुलांसाठी एकही नवी जागा तयार होत नाही. गुंतवणूकदारांच्या पैशावर वाढलेल्या साखळ्यांवर कर्जाचा बोजा किती मोठा असू शकतो, हे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिलं.

‘मोठी कंपनी बुडत नाही’ असं मानणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाकडे पाहावं. ब्रिस्बेनच्या ‘एबीसी लर्निंग’ने एकामागून एक पाळणाघरं घेतली. काही काळ ‘बिझी बीज’ही तिच्याच ताब्यात होती. नोव्हेंबर २००८ मध्ये कर्जाखाली कंपनी कोसळली, तेव्हा ऑस्ट्रेलियात तिची हजाराहून जास्त केंद्रं होती. ती चालू ठेवायला सरकारला पैसा ओतावा लागला. त्यातली साडेसहाशेच्या आसपास केंद्रं पुढे सेवाभावी संस्थांनी मिळून घेतली आणि ‘गुडस्टार्ट’ उभी केली. ती आजही ना-नफा तत्त्वावर चालते.

पाळणाघरांचा खर्च हलका करण्याचा एक मार्ग इंग्लंडच्या शेजाऱ्यांकडे दिसतो. स्कॉटलंडने २०१८ मध्ये आणि वेल्सने त्याच्या पुढच्या वर्षी पाळणाघरांना इमारतीवरच्या व्यवसाय करातून पूर्ण सूट दिली. इंग्लंडमधल्या पाळणाघरांना अशी सरसकट सूट कायमची मिळालेली नाही.